‘उर्दू’ शब्द तुर्की, भाषा नव्हे

‘उर्दू’ म्हणजे तुर्कीत छावणी, म्हणून ही भाषा छावणीत तुर्की शब्दांतून घडली, असं अजूनही सांगितलं जातं. ते चूक आहे. उर्दूचं व्याकरण दिल्ली परिसरातल्या खडीबोलीचं. पूर्वी तिला हिंदवी, रेख्ता म्हणत. ‘जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला’ (श्रेष्ठ, म्हणजे शाही छावणीची भाषा) हे नाव आखडून ‘उर्दू’ उरलं, तेही अठराव्या शतकाच्या अखेरीस.

तुर्की शब्द त्या मानाने थोडे, तेही बहुतेक फारसीतून आलेले, त्यामुळे उच्चार बदललेले. तुर्कीत ‘ओर्दु’, उर्दूत ‘उर्दू’. ‘कायचि’मध्ये अनुनासिक शिरून ‘कैंची’ झाली. आपली कैची तीच. मला सर्वांत सुंदर वाटतो तो ‘ते काम करणारा’ या अर्थाचा ‘ची’ प्रत्यय. तुर्कीत तो आधीच्या स्वराप्रमाणे बदलतो, म्हणून तिथे ‘तोपचु’. उर्दूत तो गोठला: तोपची, मशालची, बावर्ची.