रोपांचा कुंडीबदल

कुंडीबदल : लहान कुंडीत, पिशवीत किंवा ट्रेमध्ये वाढलेले रोप मुळांभोवतीची माती फुटू न देता मोठ्या कुंडीत हलविण्याची क्रिया. मुळे आणि त्यांना धरून राहिलेली माती यांच्या एकसंध गोळ्याला बागकामात ‘हुंडी’ म्हणतात व ती अखंड ठेवणे हे या क्रियेचे मर्म होय. पैशांच्या देवघेवीतील हुंडीशी या शब्दाचा अर्थाने संबंध नाही; ‘हंडी’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु ते केवळ ध्वनिसाम्यावर आधारलेले असल्याने जपूनच मानावे. कोल्हापूर भागात वाफ्यातील कोवळ्या रोपांना ‘तरू’, भाताच्या बाबतीत ‘तरवा’, आणि ती उपटून शेतात लावण्याला ‘लावण’ म्हणतात. लावणीत मुळे उघडी पडतात, कुंडीबदलात ती उघडी पडू द्यायची नसतात. म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

या पद्धतीचा उगम निश्चित सांगता येत नाही. इजिप्तमधील देर अल-बहरी येथील हॅटशेपसूट राणीच्या मंदिरात (इ.स.पू. सुमारे १५ वे शतक) पंट देशाहून आणलेली धुपाची झाडे मुळांसह टोपल्यांत घालून नेत असल्याची भित्तिशिल्पे आहेत, हुंडीसह झाड हलविण्याचा हा फार जुना चित्ररूप पुरावा मानता येतो. भारतीय ग्रंथांपैकी वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (साधारणपणे इ.स. ६ वे शतक) वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात झाडे एका जागेहून काढून दुसरीकडे लावण्याचा विधी आला आहे. तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत द्यावा. फांद्या न फुटलेली झाडे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि चांगला बुंधा धरलेली पावसाळ्याच्या आरंभी हलवावीत, असे तेथे म्हटले आहे. याच श्लोकातील ‘यथादिक्’ या पदाचा, झाडाची जी बाजू मूळ जागी ज्या दिशेला होती तीच नव्या जागीही ठेवावी, असा अर्थ घेता येतो. या विधीत हुंडीचे बीज पाहणे शक्य असले, तरी मुळांना लेप द्यायचा तर ती काही अंशी तरी मोकळी करावी लागतात. त्यामुळे हा विधी उघड्या मुळांना सुकण्यापासून व किडीपासून वाचविण्याचा होता, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कुंडीतून कुंडीत रोप नेण्याचा स्पष्ट उल्लेख त्यात नाही.

मुळांना धक्का लागू न देण्याचे कारण जाड, दिसणाऱ्या मुळांत नसून मूलरोमांत आहे. मुळाच्या टोकामागील पट्ट्यात बाह्यत्वचेच्या एकेका पेशीपासून फुटणारे हे सूक्ष्म रोम मातीच्या कणांना चिकटून पाणी व क्षार शोषतात. त्यांचे आयुष्य बहुधा काही दिवसांचे असते आणि तुटलेला रोम पुन्हा जोडला जात नाही. माती झाडली की मुळे शाबूत दिसतात, पण रोम मातीबरोबर गेलेले असतात. पानांतून बाष्पोत्सर्जन चालूच राहते, वर चढणारे पाणी अपुरे पडते आणि रोप मान टाकते.

रोप हलविण्यापूर्वी तास-दोन तास आधी पाणी द्यावे. माती कोरडी असेल तर हुंडी ढासळते, चिखल असेल तर ओघळते. डाव्या हाताची दोन बोटे देठाच्या दोन्ही बाजूंनी मातीवर टेकवून कुंडी पालथी धरावी आणि तिची कड कट्ट्यावर हलकेच आपटावी. वाटी पालथी करून भाताची मूद पाडावी तशी हुंडी सबंध तळहातावर येते. प्लास्टिकची पिशवी ओढून न काढता ब्लेडने उभी चिरावी. ट्रेमधील रोप खालच्या भोकातून काडीने वर ढकलतात. अगदी लहान रोपाला देठाऐवजी पानाला धरावे: पान गेले तर दुसरे येते, देठ चेपला तर रोप जाते. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन बोटेच रुंद असावी, कारण मुळे न पोचलेली जादा माती ओलीच राहते व मुळे कुजतात. हुंडीचा माथा पूर्वीच्याच पातळीवर ठेवतात. टोमॅटोच्या देठालाही मुळे फुटत असल्याने तो खोल लावलेला चालतो.

जुन्या व नव्या मातीच्या सांध्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात विशेष लक्ष द्यावे लागते. पश्चिमेकडील राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा भागांत तांबडी, निचऱ्याची जांभ्याची माती आढळते. पूर्वेकडील शिरोळ, हातकणंगले भागांत खोल काळी. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते; मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट तळाशी जाते आणि हुंडी कोरडी राहते. नारळाच्या भुशात वाढलेले रोप निव्वळ काळ्या मातीत ठेवले, तर बारीक कणांची माती भुशातील ओल ओढून घेते. कुंडी वरून ओली दिसत असताना रोप तहानेने सुकते. काळ्या मातीत शेणखत व तांबडी माती मिसळून तिचा पोत हुंडीच्या पोताजवळ आणणे आणि पहिले काही दिवस देठाजवळच पाणी देणे, हे यावरचे उपाय होत.

निचऱ्यासाठी तळाशी खडे किंवा खापरांचा थर देण्याची रीत सर्वत्र दिसते, मात्र तिला मृदाभौतिकीचा आधार नाही. बारीक मातीतील पाणी ती माती जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. थर दिल्याने पाणथळ पट्टा नाहीसा न होता मुळांच्या अधिक जवळ सरकतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी ठेवणे पुरेसे आहे.

हुंडी न फोडण्याच्या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पिशवीत फार काळ राहिलेल्या फळझाडांची मुळे तळाशी गोल गुंडाळतात व झाड मोठे झाल्यावर तोच वेढा बुंध्याला आवळतो. असे वेढे हलविताना कापणेच हिताचे. पपई, काकडी, दोडका, भोपळा यांना मात्र मुळांची ढवळाढवळ अजिबात मानवत नाही. मिरची, वांगी, कोबी व झेंडू त्या मानाने सोशिक आहेत. उसाच्या एक डोळ्याच्या (कांडीवरील एकाच डोळ्यापासून ट्रेमध्ये वाढविलेल्या) रोपांमुळे ट्रेमधील हुंडी आता कोल्हापूर जिल्ह्यातील उसाच्या शेतातही पोचली आहे.

कुंडीबदल सायंकाळी किंवा ढगाळ दिवशी करून रोप काही दिवस सावलीत ठेवतात. दुपारी मान टाकून सकाळी सावरणारे रोप वाचते. सकाळीही मलूल राहिलेल्याची हुंडी बहुधा आत फुटलेली असते. शेंड्याला नवे पान आले की मुळांनी नवी माती धरली असे समजतात, आणि तोवर खत देत नाहीत.