हरित बांधकामातलं निरंतर शिक्षण (आणि बडोद्याची परिस्थिती)

निरंतर शिक्षण म्हणजे डिग्री झाली, लायसन्स मिळालं, धंदा सुरू झाला तरी दर वर्षाला किंवा दोन वर्षांला ठरलेले तास शिकायचं आणि त्याचा पुरावा द्यायचा, नाही दिला तर लायसन्स अडकतं किंवा नावापुढचा बिल्ला जातो. हरित बांधकामापुरतं बोलायचं तर हे तास ऊर्जा, पाणी, मटेरियल, उष्णता, कार्बन अशा विषयांवर घ्यायचे असतात. बाहेरच्या बऱ्याच देशांत ही सक्ती आहे. आपल्याकडे कायद्याने अशी सक्ती नाही, आणि बडोद्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतलेल्याला त्याचा अर्थ मे महिन्यात बरोबर कळतो.

अमेरिकेत आर्किटेक्टचं लायसन्स राज्य देतं म्हणून नियमही राज्यागणिक वेगळे. टेक्सासमध्ये वर्षाला १२ तास, त्यातला १ तास सस्टेनेबल किंवा ऊर्जा वाचवणाऱ्या डिझाइनवरच हवा. कॅलिफोर्नियात २०२३ पासून दोन वर्षांनी रिन्यूअल करताना ५ तास झीरो नेट कार्बन डिझाइनचे (म्हणजे इमारतीचा निव्वळ कार्बन शून्य) दाखवावे लागतात. अमेरिकेतली आर्किटेक्ट लोकांची संघटना एआयए मेंबरांकडून वर्षाला १८ तास मागते, आणि २००९ ते २०१२ या काळात त्यातले ४ तास सस्टेनेबल डिझाइनचे म्हणून वेगळे मागत होती, मग हा विषय आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय असं म्हणून ती वेगळी अट काढली. दहा वर्षांनी कॅलिफोर्नियाला पुन्हा वेगळे तास लावावे लागले, यातच काय ते आलं. इंग्लंडमध्ये रीबा ही संस्था मेंबरांना वर्षाला ३५ तास करायला लावते.

भारतात आर्किटेक्टचं रजिस्ट्रेशन आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ खाली वास्तुकला परिषद करते, आणि कायद्यातलं रिन्यूअलचं कलम फीपुरतं आहे, म्हणजे पैसे भरा आणि पुढे चला. सिव्हिल इंजिनिअरना तर असा केंद्राचा कायदाच नाही. आता दुसरे धंदे बघा, प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला तीन वर्षांत १२० तास भरावे लागतात, डॉक्टरांसाठी पाच वर्षांत ३० तासांचा नियम आहे, आणि जो माणूस दहा मजल्यांचं घर बांधतो त्याला कोणी काही विचारत नाही. गंमत म्हणजे सयाजीरावांनी १९०६ मध्ये याच बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं.

सक्ती दिसते ती खासगी बिल्ल्यांमध्ये. लीड या अमेरिकन हरित इमारत रेटिंगच्या ग्रीन असोसिएटला दोन वर्षांत १५ तास लागतात, त्यातले ३ लीडवरचेच हवेत. त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे लीड एपी झालात तर ३० तास आणि त्यातले ६. चुकवले तर बिल्ला गेला, पुन्हा परीक्षा द्या. हैदराबादच्या आयजीबीसीची (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) आणि ‘गृह’ या भारतीय हरित रेटिंगवाल्यांची आपापली परीक्षा आहेच. थोडक्यात आपल्याकडे शिकायची अट आहे ती हौसेने बिल्ला घेणाऱ्याला, प्लॅनवर सही करणाऱ्याला नाही.

आणि सही कोणाची चालते ते बघा. बडोद्यात प्लॅन महानगरपालिकेत नाहीतर वुडात (शहर विकास प्राधिकरणात) जातो, त्यावर आर्किटेक्ट ऑन रेकॉर्ड किंवा इंजिनिअर ऑन रेकॉर्ड, स्ट्रक्चरल इंजिनिअर, क्लार्क ऑफ वर्क्स अशी रजिस्टर झालेली माणसं लागतात, मग रजाचिठ्ठी म्हणजे बांधकामाची परवानगी, आणि शेवटी बी.यू. म्हणजे वापराची परवानगी. ही माणसं रजिस्टर होतात डिग्री आणि अनुभव बघून. पण ईसीबीसी हा ऊर्जेचा कोड आला २००७ ला, बदलला २०१७ ला, घरांसाठी इको निवास संहिता आली २०१८ ला, ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त झाला २०२२ ला आणि दोन्ही कोड नव्याने आले २०२४ ला. ज्याने २००५ ला कलाभवनातून (बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून) डिग्री घेतली त्याच्या अभ्यासात यातलं काही असणं शक्यच नव्हतं, आणि वीस वर्षांचा अनुभव म्हणून आज वजन त्याच्याच सहीला जास्त.

आता यात शिकण्यासारखं एवढं काय आहे, तर फक्त गच्ची घ्या. बडोद्यात गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढरा चायना मोझेक (फुटक्या टाइल्सचे तुकडे) ही जुनी पद्धत, आणि चांगली पद्धत, कारण पांढऱ्या तुकड्यांवरून ऊन परत फिरतं. ईसीबीसी २०१७ मध्ये गच्चीचं परावर्तन किमान ०.६ मागितलंय ते याचसाठी. पण २०१८ च्या संहितेत छताला दुसरा एक आकडा आहे, यू व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज पार होते ते, आणि तो १.२ च्या वर चालत नाही. नुसत्या १५० मिलिमीटर आरसीसी स्लॅबचा हा आकडा ३ च्या वर जातो आणि मोझेक लावून तो जवळजवळ हलत नाही, त्यासाठी इन्सुलेशनच घालावं लागतं. परावर्तन वेगळं, यू व्हॅल्यू वेगळी. इथे भलेभले गोंधळतात, आणि हे दोन तासांत नीट शिकवता येतं. भिंती आणि खिडक्यांतून मिळून येणाऱ्या उष्णतेला आरईटीव्ही म्हणतात, तिला दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे. ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला धरून लिहिलीय, म्हणजे दांडिया बाजारातले चिंचोळे वाडे पाडून जी चार मजली घरं उभी राहतात ती बहुतेक सुटतात, खरंतर जुन्या वाड्याला निदान चौक तरी होता.

दुसरं उदाहरण अहमदाबादचं. सेप्ट विद्यापीठातल्या राजन रावल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या ऑफिसांत लोकांना विचारून आणि मोजून आयमॅक नावाचं गणित बसवलं, ते २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये आलं. एसी नसलेल्या ऑफिससाठी बाहेरच्या ३० दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे. बाहेर ३३ अंश असेल तर उत्तर ३०.६५ येतं, म्हणजे खिडक्या-पंख्यांवर चालणाऱ्या ऑफिसात एवढ्यावर माणसं बऱ्यापैकी सुखात असतात. हे ज्याला माहीत नाही तो सगळी बिल्डिंग २४ अंशांसाठी डिझाइन करतो आणि एसीची क्षमता उगाच वाढवून ठेवतो.

तासांच्या सक्तीवर टीकाही आहे आणि ती खोटी नाही. तास हजेरीचे मोजले जातात, डोक्यात काय गेलं त्याचे नाही. वेबिनार एका स्क्रीनवर म्यूट करून चालू, दुसऱ्या स्क्रीनवर पार्किंगचा लेआउट चालू, शेवटी सर्टिफिकेट डाउनलोड. शिवाय फुकटचे बरेच तास काच, पेंट, ब्लॉक विकणाऱ्या कंपन्या देतात, जेवणासकट, आणि त्यात ऊन अडवायचा उपाय म्हणजे त्यांचीच काच असते, छज्जा कोणी शिकवत नाही कारण छज्जा विकायला कोणाकडेच नाही. तरी माझं मत विचाराल तर अट असावी, तास कमी ठेवा पण शेवटी स्वतःच्याच एखाद्या चालू प्रोजेक्टचा आरईटीव्ही काढून दाखवायला लावा.

एक भोक मात्र त्यानेही बुजत नाही. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, पश्चिमेच्या काचेचा एसएचजीसी ०.२७, म्हणजे उन्हाची साधारण पावपट उष्णताच आत येऊ द्यायची. साइटवर तसाच निळसर रंग बघून दुसरी स्वस्त काच बसते, सेम टू सेम आहे म्हणून. ती उतरवून घेताना तिथे उभा असतो सुपरवायझर, आणि तासांचे वरचे सगळे नियम एकत्र केले तरी त्यातला एकही त्याला लागू नाही.