ओपिऑइड वेदनाशामके आणि प्रतिरक्षादमनकारी औषधे यांची परस्परक्रिया

मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन ही अफूच्या कुळातली वेदनाशामके, म्हणजेच ओपिऑइड. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणारी औषधे; बदललेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ती दिली जातात. एकाच रुग्णाला दोन्ही चालू असली तर त्यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो, हा या नोंदीचा विषय आहे. ही औषधे समोरासमोर क्वचितच भिडतात. धोका बहुधा तिसऱ्याच औषधामुळे, थकलेल्या किडनीमुळे किंवा अंगातले पाणी कमी झाल्यामुळे उभा राहतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात यातले शेवटचे कारण विशेष लक्षात ठेवावे लागते.

किडनी बदललेल्या माणसाला दुखण्यावर ओपिऑइड का द्यावे लागते, हे आधी समजून घ्यायला हवे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या नेहमीच्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आकसवतात. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनही तेच करतात. दोन्ही एकत्र आल्या की नवी किडनी काही दिवसांत बिघडू शकते. गावातल्या दवाखान्यात ‘पाय दुखस’ म्हणत आलेल्या माणसाला कमरेत डायक्लोफेनॅकची सुई देणे सवयीचे झाले आहे. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाने ती सुई ठामपणे नाकारावी. पॅरासिटामॉल पुरले तर उत्तमच. पण नागिणीची आग, स्टिरॉइडमुळे झिजलेल्या खुब्याचे दुखणे, शस्त्रक्रिया किंवा कर्करोग यांत ते पुरत नाही, आणि मग ओपिऑइडची पाळी येते.

टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळाले. त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत फारच थोडे अंतर असते, म्हणून रक्तातली पातळी वारंवार मोजावी लागते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन यांचे विघटन मुख्यतः यकृत व आतड्यातल्या सीवायपी ३ए४ या विकराकडून (एन्झाइमकडून) होते. फेंटानिल, ऑक्सिकोडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि काही अंशी ट्रामाडॉल यांचाही निचरा तोच विकर करतो. सायक्लोस्पोरिन या विकराला थोडेफार अडवते, म्हणून त्याच्या जोडीला फेंटानिल देताना मात्रा कमी ठेवून सुरुवात करतात. टॅक्रोलिमसकडून असा अडथळा नगण्य असतो.

खरा घोळ तिसरे औषध घालते. बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल, छातीच्या संसर्गासाठीचे क्लॅरिथ्रोमायसिन किंवा रक्तदाबावरचे डिल्टियाझेम सुरू झाले की विकर मंदावतो आणि टॅक्रोलिमस व फेंटानिल दोन्हींची पातळी चढते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन याच्या उलट वागते. ते विकर इतका वाढवते, की टॅक्रोलिमस कमी पडून किडनी नाकारली जाण्याची भीती असते आणि वेदनाशामकही लागू पडत नाही. मग डॉक्टर दोन्हींची मात्रा वाढवतात. पुढे रिफॅम्पिसिन थांबले की सुमारे दोन आठवड्यांत विकर मूळ पातळीवर येतो. तोवर मात्रा उतरवली नाही, तर रुग्णाचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. क्षयाचा कोर्स संपल्याच्या आनंदात हे हमखास राहून जाते.

मॉर्फिनचे प्रकरण वेगळे. त्याचा ३ए४ शी फारसा संबंध नाही, पण त्याचे सक्रिय अवशेष किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी कमी चालत असेल तर ते साठतात आणि रुग्ण गुंगीत जातो. ट्रामाडॉलचेही तसेच आहे. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त स्वच्छ करते याचे माप, मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेले, तर साध्या गोळ्या १२ तासांच्या अंतराने आणि दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत द्याव्या लागतात. किडनीचा विचार करता फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन ही त्यातल्या त्यात सुरक्षित. दोन्ही पट्टीच्या रूपात मिळतात; फेंटानिलची पट्टी तीन दिवसांनी बदलायची असते. ही पट्टी दीर्घकाळच्या दुखण्यासाठी आणि आधीपासून ओपिऑइडची सवय असलेल्या रुग्णासाठीच असते.

इथे खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कातडी तापली की पट्टीतले औषध जास्त वेगाने शरीरात उतरते. अंगाचे तापमान ४० अंशांवर गेल्यास रक्तातले फेंटानिल सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकते, असा अंदाज आहे. त्यामुळे पट्टी लावलेल्या माणसाने दुपारी शेतात राबणे, पत्र्याच्या घरात झोपणे किंवा पट्टीवर शेक घेणे टाळावे. घामाने पट्टीची कड सुटते. सुटलेली पट्टी तशीच दाबून न ठेवता काढून दुसऱ्या जागी नवी लावावी, आणि वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने टाकावी.

उन्हाळ्यातली गॅस्ट्रो याहून वाईट. जुलाबांत आतड्याची औषध गाळण्याची क्षमता घटते आणि टॅक्रोलिमस रक्तात वाढते. ते वाढल्याने आणि अंगातले पाणी गेल्याने किडनी मंदावते. किडनी मंदावली की ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनचे अवशेष साठतात. म्हणजे रुग्णाने एकही गोळी जास्त न घेता दोन्ही औषधांचे प्रमाण चढते. मेडिकलवरून जुलाबासाठी आणलेले लोपेरामाइड हेही ओपिऑइडच आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अशा वेळी घरच्या घरी थांबून पाहू नये. क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमसची पातळी लगेच तपासावी.

लक्षणांची गल्लत होते ती मेंदूच्या बाबतीत. हाताला कंप, डोकेदुखी आणि झटके टॅक्रोलिमसने येऊ शकतात. झटके ट्रामाडॉलनेही येतात. म्हणून टॅक्रोलिमसची पातळी चढलेली असताना ट्रामाडॉल टाळलेले बरे. मेथाडोन हे ओपिऑइड आणि टॅक्रोलिमस एकत्र असतील तर ईसीजी काढतात, कारण दोन्ही हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. दोन्ही पावलांत, विशेषतः उभे राहिल्यावर, सणकणारे दुखणे कधी कधी टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनमुळेच उद्भवते. त्यावर ओपिऑइड फारसे चालत नाही. मूळ औषधाची पातळी उतरवल्यावर आराम पडतो.

भारतात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधांना एनडीपीएस या मादक पदार्थांवरच्या कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक मादक औषधांचा दर्जा मिळाला. ट्रामाडॉल २०१८ पासून याच कायद्याखाली आहे. खानदेशातले अनेक रुग्ण किडनी बदलायला मुंबई, पुणे, नाशिक किंवा सुरतेला जातात, आणि दुखण्यासाठी मात्र तालुक्याच्या डॉक्टरकडे. प्रत्यारोपणाची फाईल घरच्या कपाटात राहते. ती प्रत्येक दवाखान्यात सोबत न्यावी. नवे वेदनाशामक, प्रतिजैविक किंवा क्षयाचे औषध सुरू करताना आणि थांबवतानाही प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. टॅक्रोलिमसच्या तपासणीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. गोळी घेऊन गेल्यास आकडा फुगलेला येतो आणि मात्रा चुकीची ठरते.