जीपच्या तीन दांड्या: एसयूव्हीची मजबुती आणि ऑफ-रोड क्षमता यांच्या तुलनेची पार्श्वभूमी

थार, गुरखा, जिम्नी, हॅरिअर किंवा सफारी यांपैकी कोणती गाडी घ्यावी, अशी चर्चा निघाली की दोन प्रश्न हमखास जोडीने येतात: गाडीचा बिल्ड कसा आहे आणि ऑफ-रोडला ती कशी चालते. हे दोन प्रश्न एका दमात विचारण्याची सवय आपल्याला उगाच लागलेली नाही. स्वातंत्र्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत मिळत होत्या आणि त्या गाडीला सगळे जण जीप म्हणत होते. पुढे गाड्या बदलल्या आणि त्या दोन गुणांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण तुलनेची भाषा जीपच्याच काळातली राहिली. ‘पत्रा जाड आहे, म्हणजे गाडी कुठेही जाईल’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते. त्यातली दोन्ही विधाने स्वतंत्रपणे खरी असू शकतात, पण ‘म्हणजे’ हा शब्द तेवढा चुकीचा आहे.

मूळ जीपची जन्मकथा या गैरसमजाच्या अगदी उलट दिशेने जाते. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांकडे एका छोट्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली, तेव्हा त्यातली सर्वांत जाचक अट मजबुतीची नव्हती. ती हलकेपणाची होती. वाहनाचे वजन सुमारे ५९० किलोच्या आत असावे, म्हणजे चिखलात रुतलेच तर मोजक्या सैनिकांना ते हाताने ढकलून बाहेर काढता येईल, अशी अपेक्षा होती. पेन्सिल्व्हेनियातल्या बँटम या लहानशा कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिला नमुना हजर केला खरा, परंतु वजनाची ती अट कोणालाच पाळता आली नाही आणि सैन्याला मर्यादा २,१६० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९८० किलोंपर्यंत वाढवावी लागली. विलीज कंपनीचे इंजिन बँटम, विलीज आणि फोर्ड या तिघा स्पर्धकांत सर्वांत दमदार, साहजिकच गाडीही जड. तेव्हा तिच्या अभियंत्यांनी बोल्टची जादा लांबी छाटली आणि रंगाचा जास्तीचा हातसुद्धा वाचवला, असे सांगितले जाते. आडवाटेला चालणाऱ्या गाडीच्या मूळपुरुषाने रंगाचे वजन मोजावे, ही गोष्ट जाड पत्र्याच्या अभिमान्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या गाडीची करामत पत्र्यात नव्हती, ती चालकाच्या उजव्या पायाशेजारी फरशीतून वर आलेल्या तीन दांड्यांत होती. पहिली दांडी नेहमीच्या गिअरची. दुसरी टाकली की पुढच्या धुरीलाही (दोन चाके जोडणाऱ्या ॲक्सलला) जोर मिळे आणि चारही चाके ओढू लागत. तिसरी ‘हाय’ आणि ‘लो’ यांची. ‘लो’मध्ये टाकल्यावर चाकांचा वेग जवळजवळ निम्म्यावर येई आणि जोर जवळजवळ दुप्पट होई, त्यामुळे माणसाच्या चालीने खडकावर चढणे किंवा ब्रेकला फारसा हात न लावता उतार उतरणे शक्य होई. आज ज्याला आपण ऑफ-रोड क्षमता म्हणतो तिचा गाभा या दोन जादा दांड्यांत होता. उरलेले काम जमिनीपासूनची उंची, बंपरखालचा मोकळा कोन आणि आखूड व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधले कमी अंतर, यांनी केले.

महायुद्ध संपल्यावर हीच गाडी मुलकी रूपात विकली जाऊ लागली आणि १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीकडे तिचे सुटे भाग भारतात आणून जुळवण्याचे काम आले. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन तिथे दुसरा महिंद्रा आला. मुंबईत माझगावला सुरू झालेली ही जुळणी पुढे कांदिवलीच्या कारखान्यात आणि नंतर नाशिकला विस्तारली. उंच बॉनेटची सीजे-३बी ही मुलकी जीप अमेरिकेत १९६८ साली बंद झाली, आपल्याकडे मात्र तिचा वंश सुरूच राहिला. महिंद्राच्या एमएम ५४० आणि त्यानंतरच्या गाड्यांत प्यूजोच्या परवान्याचे डिझेल इंजिन आले, पण शिडीसारखी चेसी (खालची पोलादी चौकट), तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी आणि चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), ही रचना तशीच राहिली.

मजबुतीचा आपला पहिला अर्थ या गाड्यांनी घडवला, आणि तो प्रयोगशाळेत नव्हे, वडापात घडला. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात आणि इतरत्र काळी-पिवळी, त्या प्रवासी जीपगाड्यांत मागे समोरासमोरच्या बाकांवर आठ-दहा, पुढे चालकाच्या दोन्ही अंगांना मिळून तीन-चार आणि मागच्या पायरीवर लटकणारे वेगळे, अशी भरती रोजची होती. अशा गाडीकडून अपेक्षा एवढीच की चेसीला बाक येऊ नये, पाटा तुटला तर तालुक्याच्या गावातल्या मेस्त्रीला तो तासाभरात बदलता यावा आणि मडगार्ड चेपले तर हातोडीने ठोकून सरळ करता यावे. या अर्थाने ‘मजबूत’ म्हणजे भार सोसणारी आणि रस्त्याच्या कडेला दुरुस्त होणारी. धडक बसल्यावर आतल्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न त्या व्याख्येत नव्हताच. आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते: वडापाला धावणाऱ्या बहुतेक गाड्या दोनच चाकांनी ओढणाऱ्या होत्या. जीपचा चेहरा राहिला, पण दोन जादा दांड्या खर्च वाचवण्यासाठी तिथेच गळाल्या. दोन गुणांची फारकत झाली ती तेव्हापासून. दिसणे मात्र एकच राहिल्यामुळे ती कोणाच्या ध्यानात आली नाही.

१९८५ च्या डिसेंबरमध्ये आलेली मारुती जिप्सी या परंपरेच्या बाहेरची होती. सुझुकीच्या एसजे४१० चे ते लांब रूप; इंजिन अवघे ९७० सीसीचे. पत्रा इतका पातळ की जुन्या जीपवाल्यांनी तिची टिंगलच केली. पुढे १.३ लिटरचे इंजिन लाभलेल्या जिप्सीचे वजन ९८५ किलो भरले, म्हणजे १९४० साली अमेरिकी सैन्याने वाढवून दिलेल्या मर्यादेच्या अगदी जवळपास. आपल्या सैन्याने ती हजारोंच्या संख्येने घेतली. कारण चिखलात दिसते. पहिल्या पावसानंतर मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या शिवारात गाडी घातली की माती टायरच्या नक्षीत भरते, चाक गुळगुळीत रुळासारखे होते आणि जागच्या जागी फिरू लागते. चालक घाबरून रेस वाढवतो तसे चाक खाली खणत जाते आणि अखेर गाडी पोटावर बसते. हलकी गाडी या क्रमात पहिल्याच टप्प्याला तरून जाते, जड गाडी शेवटच्या टप्प्यापर्यंत लवकर पोहोचते.

इथे डिफरन्शियलचे काम समजून घेणे भाग आहे, कारण आजच्या तुलनेत सर्वाधिक गोंधळ त्याच ठिकाणी होतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते म्हणून एका धुरीवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही योजना आहे. पण एक चाक हवेत उचलले गेले किंवा घसरू लागले, की साधे डिफरन्शियल त्याच चाकाला फिरू देते आणि जमिनीला घट्ट धरलेले चाक शांत उभे राहते. म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचीदेखील एकेका धुरीवरची एकेक अशी दोनच चाके फिरत राहतात, आणि तीही नको ती. यावर खात्रीचा उपाय म्हणजे डिफरन्शियलला कुलूप घालणे, अर्थात लॉक. हे कुलूप पुढे आणि मागे दोन्हीकडे कारखान्यातूनच देणारी गाडी पुण्याच्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा. ही कंपनी पूर्वीची बजाज टेम्पो, मर्सिडीजच्या डिझेल इंजिनाच्या परवान्यावर ट्रॅक्स बनवणारी. ट्रॅक्सच्या त्याच कुळातून गुरखा निघाली आणि तिचा चौकोनी चेहरा मर्सिडीजच्या जी-क्लासची आठवण करून देतो, हेही त्या नात्याला साजेसेच. गुरखाचे दरवाजे, प्लास्टिक आणि फटी यांवर टीका पुष्कळ झाली. ती रास्तही होती. पण ती टीका करणाऱ्यांच्या महागड्या गाड्या अडकल्यावर त्यांना ओढून काढायला अनेकदा गुरखाच पुढे झालेली असते.

पुण्याच्याच टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, दुसरा रस्ता धरला. १९९१ ची सिएरा आणि १९९८ ची सफारी या चेसीवरच्याच गाड्या होत्या आणि त्यांना चार चाकांच्या जोराचा पर्यायही होता, पण त्यांनी विकला तो ऐसपैसपणा आणि रुबाब. या दोहोंच्या मध्ये १९९४ साली आलेल्या सुमोला टेल्कोचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावातली आद्याक्षरे मिळाली. याच काळात मजबुतीला दुसरा अर्थ चिकटला: दरवाजा लावताना येणारा ‘धप्प’ असा भरीव आवाज, बॉनेटवर बोटांनी वाजवून पाहिलेला पत्रा, पॅनेलमधल्या सारख्या फटी. २००२ साली महिंद्राने स्कॉर्पिओ आणली तेव्हा जीपवाल्या कंपनीनेही हीच भाषा स्वीकारली. गाडी चेसीवरची, उंच, दणकट दिसणारी, आणि घरातल्या सर्वांनी लांबच्या प्रवासाला न्यावी अशी. सैन्यानेही पुढे याच जातीची गाडी मागितली. ८०० किलो भार वाहणाऱ्या, बंद छपराच्या, वातानुकूलित वाहनासाठी झालेल्या चाचण्यांनंतर २०१७ साली ३,१९२ सफारी स्टॉर्मचा करार झाला.

तिसरा अर्थ बाहेरून आला आणि त्याने बऱ्याच जणांची झोप उडवली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ पासून भारतीय बाजारातल्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून तपासायला सुरुवात केली आणि २०१६ साली एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. लोकांच्या मनातली सर्वांत भक्कम गाडी प्रौढांच्या संरक्षणात शून्यावर येते, हे पचणे अवघड होते. पण कारण सरळ आहे. धडकेत गाडीने पुढून चुरगळायचे असते आणि तो चुरा होताना धक्क्याची ऊर्जा शोषायची असते, तर माणसे बसतात ती पेटी मात्र शाबूत राहायची असते. जी गाडी कुठेच चुरगळत नाही तिचा धक्का आतल्या माणसांपर्यंत पोहोचतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती टाटांची नेक्सॉन, जिला स्वतंत्र चेसी नाही आणि चार चाकांचा जोरही नाही.

पुढच्याच महिन्यात आलेल्या हॅरिअरने ही फारकत पूर्ण केली. तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी८ रचनेवरून घेतलेला, कारण २००८ पासून ती कंपनी टाटांच्या मालकीची; पण ओढणारी चाके फक्त पुढची. त्याच सांगाड्यावर २०२१ साली सफारी हे नाव परत आले, तेही चार चाकांच्या जोराशिवाय. जुन्या सफारीच्या चाहत्यांनी याला विश्वासघात म्हटले. मला तो शब्द जड वाटतो, पण नावाचा अर्थ बदलला हे नाकारता येत नाही. २०२३ साली दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले. चेसी नसली की गाडी आडवाटेची नाही, हा निष्कर्षही टिकत नाही. लँड रोव्हरची नवी डिफेंडर एकसंध ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर उभी आहे आणि रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून बनणारी जीप कंपास, तिच्या मर्यादेत का होईना, त्याच मार्गाने जाते.

कराच्या नियमांनी या गोंधळात आपली भर घातली. जीएसटीच्या उपकरासाठी एसयूव्ही ठरवताना लांबी ४,००० मिलिमीटरहून अधिक, इंजिन १,५०० सीसीहून मोठे आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त, अशी मापे लावली गेली. चाकांना जोर कसा जातो याचा त्यात उल्लेखच नव्हता. २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीला आलेल्या महिंद्राच्या दुसऱ्या पिढीच्या थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर ठेवली होती. ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता, पुढच्या बंपरखालचा कोन ४१.८ अंश, मागच्या डिफरन्शियलला यांत्रिक कुलूप आणि क्रॅश चाचणीत चार तारे, असे दोन्ही गुण तिच्यात बऱ्याच वर्षांनी पुन्हा एकत्र आले. जानेवारी २०२३ मध्ये मात्र तिचीच १.५ लिटर डिझेलची, फक्त मागच्या चाकांनी ओढणारी आवृत्ती आली. कमी कराच्या चौकटीत ती चपखल बसत होती. वडापाच्या जीपवर जे झाले होते तेच थारच्या नशिबी आले, यावेळी मात्र वातानुकूलित केबिनसह.

१ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची व्यवस्था लागू झाल्याने धडकेतल्या सुरक्षेला देशातच ताऱ्यांचे माप मिळाले आणि चेसीवर उभ्या असलेल्या, पाच दरवाजांच्या थार रॉक्सने २०२४ मध्ये त्यात पाचही तारे मिळवले. ऑफ-रोड क्षमतेला असे सरकारी माप नाही; खरेदीदाराला कोन, उंची, पाण्याची खोली, ‘लो’ आहे की नाही आणि कुलूप किती धुरींना आहे, एवढ्या आकड्यांवरून अंदाज बांधावा लागतो. फरशीतल्या दांड्या मात्र एकेक करून जात आहेत. तीन दरवाजांच्या थारमध्ये चार चाकांची दांडी अजून आहे, २०२४ च्या गुरखामध्ये तिच्या जागी फिरवायची गोल कळ आली, कुलपांच्या दांड्या तेवढ्या राहिल्या. आणि २०२५ च्या विजेवरच्या हॅरिअरमध्ये पुढच्या व मागच्या धुरीला स्वतंत्र मोटर आल्यामुळे या धुरीचा जोर त्या धुरीला नेणारा दांडा नाही, ‘लो’चा गिअर नाही आणि टाकायला दांडीही नाही.