प्लगइन बसतं कुठे?

कुडाळच्या बाजारात संगणकाच्या दुकानात येऊन कोणी ‘सिक्युरिटीचं प्लगइन टाकून दे’ म्हणालं, की आधी गिऱ्हाईक कोण आहे ते बघावं लागतं. ठेकेदार असेल तर त्याला निविदेवर डिजिटल सही करायची असते. तारकर्लीचा निवास-न्याहारीवाला असेल तर त्याच्या वर्डप्रेस (साइट उभी करायची तयार प्रणाली) साइटवर कोणीतरी घुसलेलं असतं. आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमानी भावाचं तिकीट काढायला बसलेला असेल, तर त्याला रेल्वेचा फॉर्म झटपट भरणारं एक्स्टेन्शन हवं असतं. ते सुरक्षा देणं दूरच, उलट त्याच्या खात्याचा पासवर्ड मागून घेतं. नाव मात्र तिन्हींना एकच : प्लगइन, म्हणजे मूळ प्रोग्रॅमला जोडायचा जादा तुकडा. पहिलं पूर्वी ब्राउझरला बाहेरून जोडलेलं असायचं, दुसरं सर्व्हरवर बसतं, तिसरं ब्राउझरच्या आत. कशापासून वाचवणार आणि हात कुठे पोचणार नाही, हे त्या जागेवरून ठरतं. वेब-अ‍ॅप्लिकेशनच्या सुरक्षेबद्दलचे आपल्याकडचे बरेच गैरसमज या शब्दापाशी सुरू होतात, म्हणून आधी तोच सोडवायला हवा.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १९९५-९६ मध्ये नेटस्केप या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत पानातच चालणारी भाषा जावास्क्रिप्ट आली, जावा अ‍ॅप्लेट (पानातून चालणारे छोटे जावा प्रोग्रॅम) आले, आणि बाहेरचे प्रोग्रॅम ब्राउझरला जोडायची सोयही आली. तिलाच पुढे एनपीएपीआय म्हणू लागले. एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटचं काही वाचू नये, हा नियमही त्याच आवृत्तीतला. जावास्क्रिप्ट या नियमात बांधलेली होती. जोडलेल्या प्लगइनला मात्र संगणकावर बसलेल्या माणसाला जितके अधिकार तितके सगळे मिळायचे. फ्लॅशने पानं हलती-बोलती केली ती याच वाटेने.

आमच्या भागात हा इतिहास कळला तो साकव, पाखाड्या आणि संरक्षक भिंतींच्या निविदांमुळे. निविदा ऑनलाइन झाल्या आणि प्रत्येक ठेकेदाराच्या खिशात पेनड्राइव्हसारखं डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) टोकन आलं. त्यातली गुप्त किल्ली कधीच बाहेर येत नाही. कागदाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, आत जातो, सही बाहेर येते. पण साध्या वेबपानाला अशा टोकनला थेट हात लावता येत नाही, आणि हे बंधन मुद्दाम घातलेलं आहे. मग मधला दुवा म्हणून जावा अ‍ॅप्लेट वापरलं गेलं. पान उघडलं की ते परवानगी विचारायचं, आपण ‘रन’ दाबायचं, आणि त्या क्षणापासून त्याला टोकनही दिसायचं आणि बाकी सगळा संगणकही. सही सुरक्षित करायला आणलेली वस्तू घराचं मागचं दार उघडं ठेवून आत आली होती.

जानेवारी २०१३ मध्ये जावात असं भोक सापडलं की अमेरिकी सरकारच्या सुरक्षा विभागाने ब्राउझरमधली जावा बंदच करा, असा सल्ला दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रोमच्या कंपनीने एनपीएपीआय टप्प्याटप्प्याने काढणार असं जाहीर केलं. एप्रिल २०१५ मध्ये ते मुळातच बंद ठेवलेलं येऊ लागलं, सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्ण गेलं. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये तेच केलं, फ्लॅश तेवढं काही काळ ठेवलं.

हा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्या धंद्यातली माणसं अजूनही तावातावाने भांडतात. मला तो बरोबरच वाटतो. दोन वर्षांची सूचनाही कमी नव्हती. चुकलं ते पुढे काय याचं उत्तर देताना. मी तेव्हा अशाच एका दुकानात बसायचो. कोपऱ्यात विंडोज ७ चा एक संगणक होता, जुनं इंटरनेट एक्स्प्लोरर, त्याहून जुनी जावा, आणि मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने लावलेला कागद : ‘अपडेट करू नये’. तालुक्यातले ठेकेदार त्या एका मशीनवर येऊन सह्या करायचे. सगळ्यात महत्त्वाची सही सगळ्यात धोकादायक संगणकावर व्हायची, आणि त्याला पर्याय कोणी देत नव्हतं.

मग निघाले स्थानिक सायनर, म्हणजे सही करून देणारे प्रोग्रॅम. हा छोटा प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर चालतो, १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावर ऐकत बसतो, आणि वेबपान त्याच्याशी बोलून सही करून घेतं. कल्पना चांगली होती. पण एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीच्या) पानाला त्याच्याशी बोलायचं तर त्यालाही ओळख पटवणारं सर्टिफिकेट लागायचं, आणि ते बरेचदा त्याने स्वतःच बनवलेलं असायचं. ब्राउझर ते मानत नाही, लाल इशारा दाखवतो. मग सूचनापत्रकातच छापून यायचं की हे पान उघडा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा, असुरक्षित असलं तरी पुढे जा. दुकानदार ठेकेदाराला सांगायचा, “ता लाल दिसता तेका बघू नको, खाली अ‍ॅडव्हान्स्ड असा, थंय दाब.” २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर व्यापाऱ्यांच्या सह्यांनाही हीच वाट मिळाली. लाल पाटी म्हणजे ओलांडायची पाटी, हे लोकांना असं शिकवून झालं. ही सवय मोडायला किती काळ जाईल, याचा विचार कोणी केला होता असं मला दिसत नाही.

खरं उत्तर ब्राउझरच्या आतच यायला हवं होतं. जानेवारी २०१७ मध्ये वेब क्रिप्टोग्राफीचं प्रमाण ठरलं, त्यात हार्डवेअर टोकन बाहेर ठेवली गेली. मार्च २०१९ मध्ये वेबऑथन आलं, त्याने लॉगिनला हार्डवेअरची किल्ली वापरता येते. पण तिथली किल्ली एका साइटशी बांधलेली असते. एकच डीएससी चार पोर्टलवर चालवायची तर ते उपयोगाचं नाही. निविदेचा प्रश्न तिथेच राहिला.

सर्व्हरकडची गोष्ट वेगळ्या अंगाने वाढली. वर्डप्रेसला प्लगइनची सोय मे २००४ च्या १.२ आवृत्तीत मिळाली. किनाऱ्यावरच्या होम-स्टेच्या साइट उभ्या राहिल्या त्या याच बळावर : तयार थीम, वर सरकणारे फोटो, बुकिंगचा फॉर्म. त्या देखणेपणाची किंमत ऑगस्ट २०११ मध्ये कळली. फोटो लहान-मोठे करणारी टिमथंब नावाची स्क्रिप्ट शेकडो थीममध्ये आतून भरलेली होती. ती ठरावीक साइटवरूनच फोटो आणायची, पण तपासताना नावात ‘ब्लॉगर डॉट कॉम’ कुठेतरी आहे का एवढंच बघायची. त्यामुळे चोराने स्वतःच्या डोमेनच्या पुढे ‘ब्लॉगर डॉट कॉम’ लावलं तरी तिला चालायचं. फोटोऐवजी पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, यायची आणि साइटच्याच फोल्डरात जाऊन बसायची. मालकाला आपल्याकडे टिमथंब आहे हेच माहीत नसायचं, मग अपडेट तरी काय करणार?

सुरक्षा प्लगइन घरोघरी पोचली ती या सुमारास. त्यांचा उपयोग आहे, मी आजही लावतो. पण मुद्दाम वेगळी मांडणी केली नाही, तर फायरवॉलचं (घातक मागण्या अडवणारं) प्लगइन वर्डप्रेस सुरू झाल्यावरच जागं होतं. लॉगिनवर चोवीस तास धडका बसत असतील तर पासवर्ड वाचतो, पण स्वस्तातल्या होस्टिंगचा जीव जातोच. वर्डप्रेसच्या ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून किरकोळ अपडेट आपोआप होऊ लागले. माझ्या मते त्या एका निर्णयाने दहा प्लगइनइतकं काम केलं.

या काळात समोरची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी, बाजू जड होत गेली. पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याच्या तंत्राला २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव पडलं, २००६ मध्ये जेक्वेरी आली, २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट, दोन्ही जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररी. वर्डप्रेसनेही डिसेंबर २०१६ मध्ये साइटचा मजकूर बाहेरच्या स्क्रीनना देणारा रेस्ट एपीआय उघडला. महिना-दीड महिन्यात त्यात चूक सापडली : लेखाच्या क्रमांकामागे एखादं अक्षर चिकटवलं की परवानगीची तपासणी चुकायची आणि परका माणूस लेख बदलू शकायचा. २६ जानेवारी २०१७ ला दुरुस्ती आली. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते त्यांची पानं विद्रूप झाली.

ब्राउझरकडून आलेलं सर्व्हरने तपासल्याशिवाय मानू नये, हा धडा मला आंब्याच्या पेटीने दिला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बागायतदार थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना हापूस विकू लागले. देवगडच्या एका बागायतदाराचा ऑर्डर फॉर्म मी रिअ‍ॅक्टमध्ये केला. पेट्या वाढवल्या की बेरीज तिथल्या तिथे बदलायची, त्यांना फार आवडलं होतं. घाईत ती बेरीजच मी पुढे पेमेंटला पाठवत होतो. आठवड्याने त्या बागायतदार काकांनी बँकेचा हिशेब जुळवला तेव्हा पाच डझनाच्या दोन पेट्यांपुढे जमा रक्कम होती एक रुपया. कोणीतरी ब्राउझरमध्ये आकडा बदलून पाठवला होता, पैसे ‘मिळाले’ म्हणून पेट्या रवाना झाल्या होत्या. त्या पेट्यांचे पैसे मी भरले.

दुरुस्तीला तासही लागला नाही. ब्राउझरकडून फक्त पेट्यांची संख्या घ्यायची आणि दर सर्व्हरवरच्या तक्त्यातून. फायरवॉलचं प्लगइन तेव्हाही चालू होतं. त्याची नोंदवही मी त्या रात्री वरपासून खालपर्यंत वाचली. त्या ऑर्डरच्या वेळेपुढे काहीच नव्हतं. मागणी नीट होती, रकान्यात आकडाच होता, आणि देवगडला त्या दिवशी पेटीचा दर काय होता हे त्या प्लगइनला कोणी सांगितलं नव्हतं.