एसीचा गॅस दरवर्षी संपत नाही

जळगाव-भुसावळकडे मार्च लागला की ‘एसीत दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ हा समज पुन्हा ऐकू येतो. तो चुकीचा आहे. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तर बंद नळ्यांतून फिरत खोलीतली उष्णता शोषून वाफ होतो आणि कॉम्प्रेसरच्या दाबानंतर बाहेरच्या युनिटमध्ये ती सोडून पुन्हा द्रव होतो. तो कमी झाला असेल तर गळती आहे. तांब्याच्या नळीच्या नटापाशी तेलकट डाग दिसला, तर बहुधा तीच जागा. कारमध्ये रबरी नळ्यांतून आर-१३४ए हा एसीचा गॅस वर्षांगणिक किंचित झिरपतो, हे खरे. पण घरचा एसी थंडावा देईनासा झाला, तर खानदेशी धुळीने भरलेली जाळी व कॉइल आधी धुवावी, गळतीची शंका असल्यास नायट्रोजनच्या दाबाने तपासणी करून घ्यावी आणि दुरुस्तीनंतरच एसीच्या लेबलवर लिहिलेला गॅस (उदा. आर-३२) वजन करून भरून घ्यावा.