जुनी मोटारसायकल घरच्या गॅरेजमध्ये उभी करताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सांगली, मिरज, तासगाव, विटा आणि कराड-साताऱ्याकडून आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या जुन्या गाड्यांत जावा, येझदी, राजदूत, लोखंडी इंजिनाची बुलेट आणि यामाहाची आरएक्स १०० यांचाच भरणा असतो. यांतील बरेच मालक गाडी पूर्णपणे आमच्या स्वाधीन करत नाहीत. ते घरच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये स्वतः गाडी खोलतात, धुतात, रंगवतात, जोडतात आणि बोअरिंग (सिलिंडर आतून कातून मोठा करणे), क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा दांडा) किंवा लेथच्या कामापुरते आमच्याकडे येतात. आम्हाला ही पद्धत मनापासून पसंत आहे, कारण ज्याने आपल्या गाडीचा नट न् नट हाताळला आहे, तो ती गाडी पुढे नीट सांभाळतो. हे माहितीपत्रक अशा मालकांसाठी आहे.

यातील सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच विचार आहे. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी ते उद्या परत फिरवता येईल का, हे स्वतःला विचारावे. हँडल बदलले, सीट बदलली, बल्ब बदलले, तर मूळ वस्तू माळ्यावर ठेवता येते आणि हवी तेव्हा परत बसवता येते. चेसिसचा मागचा भाग कापला, मडगार्ड अर्धे केले, टाकीला भोक पाडले किंवा सिलिंडरला गरज नसताना बोअर मारला, तर ते कायमचे होते. पहिल्या प्रकारची कामे आपण हौसेने, आपल्या आवडीप्रमाणे करावीत. दुसऱ्या प्रकारच्या कामांबाबत आमच्याशी एकदा बोलल्याशिवाय हत्यार उचलू नये.

जावा आणि येझदीबाबत हे अधिक काटेकोरपणे पाळावे लागते. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. त्यामुळे आज बाजारात मिळणारे बहुतेक सुटे भाग नंतर कोणीतरी बनवलेले असतात आणि त्यांचा दर्जा एकसारखा नसतो. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या गाड्यांवर परत आली, परंतु त्यांची पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक इंजिने पूर्णपणे वेगळी असून त्यांचे भाग जुन्या टू-स्ट्रोक गाडीला लागत नाहीत. म्हणून खराब दिसणारा मूळ भाग भंगारात देण्याची घाई करू नये. झिजलेला मूळ किक-गिअर शाफ्ट भरून, लेथवर घेऊन पुन्हा वापरण्याजोगा करता येतो, आणि तो अनेकदा नव्या नकलेपेक्षा जास्त टिकतो, असा आमचा अनुभव आहे. बुलेटचे तसे नाही. १९५५ पासून मद्रासला सुरू झालेले तिचे उत्पादन दीर्घकाळ चालू राहिल्याने ३४६ सीसीच्या जुन्या इंजिनाचेही बहुतेक भाग मिळतात.

कागदपत्रे आधी, पाना नंतर

गाडी खोलण्यापूर्वी आरसी बुक हातात घेऊन इंजिन आणि चेसिसवरचे नंबर स्वतः ताडून पाहावेत. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून तिचे नूतनीकरण करावे लागते. गाडी दिवंगत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. आरसी बुक हरवले असेल किंवा पुरात भिजून नष्ट झाले असेल, तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ आहे. ही कामे वेळखाऊ असतात, म्हणून ती गाडीच्या कामासोबतच सुरू करावीत. ज्या गाडीच्या नंबरांचा आणि कागदांचा मेळ बसत नाही, तिचे इंजिन आम्ही बांधायला घेत नाही.

‘व्हिंटेज नंबर’ मिळेल का, असे अनेकजण विचारतात. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली, त्यामुळे तिचा प्रश्न २०३५ पर्यंत उद्भवत नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, त्यासाठीचे येणे-जाणे, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना रविवारी गाडी घेऊन गणपतीला किंवा हरिपूरच्या संगमावर जायचे आहे, त्यांनी नेहमीची नोंदणीच चालू ठेवावी, असे आमचे मत आहे.

फेरफाराबाबतचा कायदा सगळ्याच गाड्यांना लागू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेली आणि आरसीत नोंदलेली वैशिष्ट्ये बदलतील असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले आहे. रंग ही आरसीतील नोंद आहे. त्यामुळे मरून येझदी काळी करायची असेल, तर आरटीओला कळवून नोंद बदलून घ्यावी. चेसिस कापून केलेल्या बॉबर किंवा कॅफे रेसर धाटणीच्या गाड्या चित्रात सुंदर दिसतात, परंतु आपल्या रस्त्यावर त्या कायदेशीर राहत नाहीत. ते काम आम्ही करत नाही. तीच धाटणी हँडल, सीट, आरसे आणि रंगसंगती बदलून बरीचशी साधता येते आणि त्यात मदत करायला आम्हाला आनंदच होईल.

खोलताना

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्यावा आणि त्या-त्या जागचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवावेत. मॅग्नेटो आणि क्लच यांना हातोडा लावू नये. त्यांचे पुलर (भाग ओढून काढण्याचे हत्यार) आम्ही अनामत घेऊन घरी वापरायला देतो. न सुटणाऱ्या नटाला रात्रभर रॉकेल किंवा डिझेल आणि गिअर ऑइलचे मिश्रण लावून ठेवावे आणि जोर करण्यापूर्वी तो उलट्या आट्याचा तर नाही ना, याची खात्री करावी. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेने किंवा तोंडाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

टाकीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण घरच्या कामात सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे पेटण्याजोगे मिश्रण तयार झालेले असते आणि ते वर्षानुवर्षे बंद पडलेल्या टाकीतही सापडते. गळती थांबवण्यासाठी घरी किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे टाकीला ज्योत लावू नये. आम्ही टाकी डिटर्जंटच्या गरम पाण्याने अनेकदा धुऊन, पाणी भरून, फक्त डागाचा भाग उघडा ठेवून ब्रेझिंग (पितळेने सांधणे) करतो. आतला गंज काढणे मात्र घरी सहज जमते. नळ काढून भोक बंद करावे, लिंबूसत्त्व म्हणजेच सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरावी, एक दिवस ठेवावी, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारून लगेच वाळवावी आणि आतून तेलाचा हात फिरवावा. लगेच वाळवली नाही, तर तासाभरात पुन्हा तांबूस थर धरतो.

ही टाकी आता पूर्वीपेक्षा जास्त जपावी लागते, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते बनवणारा ऊस आपल्याच कृष्णाकाठी पिकतो, त्यामुळे त्याच्याशी आपले वैर असण्याचे कारण नाही. परंतु आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, हेही खरे आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसून गंज धरतो. जुने रबर आणि टाकीच्या आतील काही लेप त्याने फुगतात किंवा सुटतात. त्यात ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरचे मिश्रणही किंचित पातळ होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. म्हणून कार्ब्युरेटर उतरवलाच आहे, तर त्यातील रबरी पॅकिंग, सुई आणि पेट्रोलची नळी इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारची घालावी आणि प्लगचा रंग पांढरट येत असेल, तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे मुख्य छिद्र) एक नंबर मोठा करून पाहावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटरचे भांडे रिकामे करावे.

इंजिन : कोणते काम आमच्याकडे आणावे

टू-स्ट्रोक गाडी घरी सेट होत नाही, कितीही जेट बदलले तरी आयडलिंग वरखाली होते, अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीत आम्ही आधी क्रँकची ऑइल सील (ऑइल आणि हवा अडवणारी रबरी कडी) पाहतो. या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधून जाते. मॅग्नेटोकडचे सील गेले, तर तिथून जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि लांबच्या पल्ल्यावर पिस्टन जाम होतो. क्लचकडचे सील गेले, तर गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढले जाऊन जळते, पांढरा धूर येतो आणि ऑइल कुठे गळत नसताना कमी होत राहते. पंधरा-वीस वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची सील वरून चांगली दिसली, तरी कडक झालेली असतात. ती न बदलता केवळ पिस्टन-रिंग घालणे म्हणजे तोच खर्च पुन्हा करण्याची तयारी आहे.

बोअरिंग हे परत न फिरणारे काम आहे. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजूनच आम्ही निर्णय देतो, आणि शक्य असेल तिथे फक्त होनिंग (आतली बाजू हलकी घासणे) करून नवीन रिंगवर भागवतो. बोअर मारावाच लागला, तर ०.२५ किंवा ०.५० मिमीचा सर्वांत लहान पुरेसा टप्पा घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळेसाठी धातू शिल्लक राहतो. पिस्टन आधी आणावा. सिलिंडर त्या पिस्टनच्या मापाला लावून घासला जातो, केवळ डब्यावरच्या आकड्यावरून नव्हे. क्रँक दाबून उघडणे, रॉड किट घालणे आणि दोन्ही पाती पुन्हा एका रेषेत आणणे हे घरी करू नये. त्यातील शतांश मिलिमीटरचा फरक गाडी चालवताना हँडलमध्ये थरथर म्हणून जाणवतो.

बुलेटचे हेड आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची सैल) मालकाने घरी करायला हरकत नाही. टॅपेट इंजिन थंड असताना, पुशरॉड बोटांनी मोकळा फिरेल पण वरखाली हलणार नाही, इतपत लावावेत. ही गाडी खूप दिवस उभी राहिली की ऑइल टाकीतून क्रँककेसमध्ये उतरते, म्हणून पातळी कमी दिसली तरी लगेच ओतू नये. आधी खालचा बोल्ट काढून पाहावे.

सायलेन्सरविषयी आमचा आग्रह आहे की आतली जाळी काढू नये. टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सरच्या आकारामुळे परत येणारी दाबाची लाट न जळालेले मिश्रण सिलिंडरमध्ये थोपवून धरते. तो कापला की आवाज वाढतो, ताकद कमी होते आणि पेट्रोल जास्त लागते. शेजाऱ्यांचा त्रास आणि दंड यांचा भाग वेगळाच.

पुरात बुडालेली गाडी

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या भागांतील कितीतरी जुन्या गाड्या तशाच कोपऱ्यात उभ्या आहेत. अशा गाडीला काहीही झाले तरी किक मारू नये. आत बसलेला बारीक गाळ बेअरिंग आणि सिलिंडर खरवडून टाकतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडावे, गिअर ऑइल काढावे आणि इंजिन तसेच आमच्याकडे आणावे. वायरिंग मात्र वाचवण्याचा प्रयत्न करू नये, ते नवीनच करावे.

रंग, क्रोम आणि लाइट

मूळ रंगाचा तुकडा टाकीच्या तळाशी किंवा सीटखाली बहुधा शिल्लक असतो. सगळे खरवडण्यापूर्वी तो जपावा, म्हणजे छटा जुळवता येते. जुना रंग पाणी लावून घासावा, कारण त्यात शिसे असू शकते. दोन डब्यांचा पीयू रंग घरी मारायचा असेल, तर साधा कापडी मास्क पुरत नाही. त्यातील हार्डनरची वाफ फुफ्फुसांना कायमची इजा करू शकते. चेसिसला पावडर कोटिंग करताना नंबरची जागा झाकून घ्यावी, नाहीतर जाड थराखाली नंबर दिसेनासा होतो आणि तपासणीच्या वेळी पेन्सिलने छाप उठत नाही. क्रोम प्लेटिंग घरी करण्याचे काम नव्हे.

सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टची करणे उपयोगाचे आहे आणि परत फिरवता येते, फक्त मूळ रेग्युलेटर आणि कॉइल जपून ठेवावी.

गाडी सुरू झाल्यावर

नवीन पिस्टन घातल्यावर पहिले ५०० किलोमीटर एका वेगाने सलग पळवू नये आणि घाटात वरच्या गिअरवर इंजिन दाबू नये. साताऱ्याच्या ग्राहकांनी तेवढे दिवस यवतेश्वर आणि पसरणी घाट टाळावेत. बहुतेक जावा, येझदी आणि राजदूत गाड्यांमध्ये ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावे लागते. या काळात लिटरला सुमारे ४० मिली टू-टी ऑइल घालावे. आरएक्स १०० मध्ये त्याची वेगळी टाकी आणि पंप आहे, परंतु जुन्या पंपावर लगेच विसंबू नये. पहिली टाकीभर पेट्रोलमध्येही थोडे ऑइल मिसळावे आणि वेगळ्या टाकीतली पातळी खरोखर उतरते आहे का, ते पाहावे.

इंजिन उघडल्यावर आम्ही मजुरी, लेथकाम आणि सुटे भाग यांचा वेगवेगळा अंदाज लेखी देतो आणि आपण होकार दिल्यानंतरच काम सुरू करतो. काढलेले सर्व जुने भाग, अगदी तुटलेली रिंगसुद्धा, बिलासोबत परत मिळतात. इंजिन आणताना ते धुतलेले असावे, त्यातील ऑइल काढलेले असावे आणि सोबत आरसी बुकची प्रत आणि खोलताना घेतलेले फोटो असावेत.